‘पाप कोणाचं?’ : जन्मांध माणसाच्या गोष्टीतून आजाऱ्याकडे पाहायला शिकताना

विश्वासी घरात एखादं मूल व्यंग घेऊन जन्माला येतं, किंवा धडधाकट माणसाला अचानक कर्करोग निघतो, आणि भेटायला आलेल्यांच्या बोलण्यात थोड्याच वेळात एक प्रश्न डोकावू लागतो. कोणी तो तोंडावर विचारतं, कोणी आडून. “काही कबूल करायचं राहिलंय का? घराण्यात आधी कोणी काही केलं होतं का? विश्वास कुठे कमी पडतोय का?” विचारणारे बहुतेक वेळा वाईट नसतात. कारण सापडलं तर उपायही सापडेल, असं त्यांना मनापासून वाटतं. पण अंथरुणावरच्या माणसावर आता दोन ओझी येतात. शरीराचा आजार असतोच, त्यात आरोपाची भर पडते.

हाच प्रश्न येशूच्या शिष्यांनीही त्याला विचारला होता. तो प्रसंग योहानाच्या शुभवर्तमानाच्या 9 व्या अध्यायात आहे. मंडळीत हा अध्याय अनेकदा वाचला जातो. त्यातला चमत्कार सगळ्यांच्या लक्षात राहतो, पण शिष्यांच्या प्रश्नाला मिळालेलं उत्तर मात्र आपल्या वागण्यात फारसं उतरलेलं दिसत नाही. म्हणून ते नीट समजून घेऊ.

काय घडलं?

येशू यरुशलेमेत आहे. वाटेत जन्मापासून आंधळा असलेला एक भिकारी दिसतो. शिष्य विचारतात, हा असा जन्माला आला तो कोणाच्या पापामुळे, स्वतःच्या की आईबापांच्या? येशू सांगतो, याच्याही नाही आणि आईबापांच्याही नाही. देवाची कामं याच्या ठायी दिसावीत म्हणून. मग तो जमिनीवर थुंकतो, त्याचा चिखल करून त्या माणसाच्या डोळ्यांना लावतो आणि शिलोह तळ्यावर जाऊन धुवायला सांगतो. माणूस जातो, डोळे धुतो आणि पाहत परत येतो.

हे सगळं पहिल्या 7 वचनांत संपतं. अध्याय आहे 41 वचनांचा. उरलेली 34 वचनं बरं झाल्यानंतर काय झालं यावर खर्च झाली आहेत, म्हणजे शेजाऱ्यांची शंका, चौकशी, आईबापांची भीती आणि शेवटी त्या माणसाला बाहेर घालवणं. योहानाला चमत्काराइतकंच, कदाचित त्याहून जास्त, या पुढच्या भागाबद्दल सांगायचं आहे.

जाता जाता त्या तळ्याबद्दल. पूर्वी यात्रेकरूंना शिलोहाचं तळं म्हणून जी जागा दाखवली जात असे, ते पुढच्या ख्रिस्ती काळातलं बांधकाम होतं. 2004 साली सांडपाण्याच्या वाहिनीचं काम चालू असताना जवळच दगडी पायऱ्या लागल्या. रॉनी राइश आणि एली शुक्रोन या पुरातत्त्वज्ञांनी तिथे उत्खनन केलं आणि येशूच्या काळातल्या मोठ्या पायऱ्यांच्या तळ्याची एक बाजू उजेडात आली. तिथे पाणी येत असे ते गीहोनच्या झऱ्यातून, खडकात खोदलेल्या सुमारे 533 मीटर लांबीच्या बोगद्यातून. हा बोगदा सहसा हिज्कीया राजाच्या नावाने ओळखला जातो. चमत्कार खोदून काढता येत नाही, हे खरंच. पण योहान ज्या शहराबद्दल लिहितो त्याच्या गल्ल्या आणि पायऱ्या त्याला ठाऊक होत्या, एवढं यातून नक्की दिसतं.

शिष्यांना हा प्रश्न सुचला कुठून?

शिष्य निर्दय नव्हते. लहानपणापासून ऐकलेलंच ते बोलत होते. जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या 28 व्या अध्यायात आज्ञा मोडणाऱ्या राष्ट्रावर येणाऱ्या शापांची लांब यादी आहे आणि तिच्यात आंधळेपणही आहे. निर्गम 20:5 मध्ये वडिलांच्या अन्यायाबद्दल मुलांना तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत शासन होण्याची गोष्ट आहे. या वचनांवरून सरळ हिशेब मांडला गेला की जिथे दुःख आहे तिथे मागे कुठेतरी पाप असणार.

पण त्याच शास्त्रात या हिशेबाला आव्हानही आहे. इयोबाचं सबंध पुस्तक त्यासाठीच लिहिलेलं वाटावं असं आहे. त्याचे मित्र पुन्हा पुन्हा त्याचं पाप शोधतात आणि शेवटी देव त्या मित्रांवरच रागावतो. यहेज्केल संदेष्टा आपल्या पुस्तकाच्या 18 व्या अध्यायात ठणकावून सांगतो की बापाच्या अन्यायाचा भार मुलावर येणार नाही. पुढच्या काळातल्या ताल्मूद या यहुदी ग्रंथातही ही चर्चा चालू राहिलेली दिसते. पापाशिवाय मृत्यू नाही आणि अपराधाशिवाय क्लेश नाहीत, असं मत तिथे रब्बी अम्मी यांच्या नावावर आहे, आणि त्याच चर्चेच्या शेवटी ते खोडलेलंही आहे. त्यामुळे ‘यहुदी लोक तसंच मानत’ असं एका वाक्यात म्हणून मोकळं होणं अन्यायाचं ठरेल. त्या काळीही लोक या प्रश्नाशी झगडत होते.

काही जण विचारतात, जन्माआधीच पाप कसं करणार? म्हणजे शिष्यांच्या मनात मागचा जन्म होता का? तसं समजण्याची गरज नाही. रिबेकेच्या पोटात एसाव आणि याकोब एकमेकांशी झगडले, त्यावरून गर्भातलं मूलही बरंवाईट वागू शकतं का, याची चर्चा यहुदी शिक्षकांमध्ये झालेली आहे. शिष्यांचा प्रश्न त्या चौकटीत बसतो. आणि त्यांच्या मनात काहीही असलं, तरी येशूने त्यांचे दोन्ही पर्याय नाकारले आहेत.

मग पापाचा आणि आजाराचा काहीच संबंध नाही का?

इथे जाणकार वाचक हात वर करील. बेथेसदा तळ्यापाशी 38 वर्षं आजारी असलेल्या माणसाला बरं केल्यावर येशूच म्हणाला ना, “यापुढे पाप करू नकोस, नाहीतर तुझं अधिक वाईट होईल”? ते वचन योहान 5:14 आहे. आणि मार्कच्या दुसऱ्या अध्यायात छप्पर उसकटून खाली सोडलेल्या पक्षाघाती माणसाला तो आधी पापांची क्षमा देतो, मग उठायला सांगतो.

आक्षेप रास्त आहे. पापाचे परिणाम शरीरावर होऊ शकतात, हे पवित्र शास्त्र नाकारत नाही आणि अनुभवही नाकारत नाही. व्यसनाने यकृत जातं. मनात वर्षानुवर्षं धरलेल्या द्वेषाने झोप जाते. पण पाऊस पडला की अंगण ओलं होतं म्हणून अंगण ओलं दिसलं की पाऊसच पडला असेल, असं थोडंच आहे? कोणी बादली ओतली असेल, कुठे नळ फुटला असेल. पापामुळे कधी दुःख येतं, हे एक विधान. दुःख आहे म्हणजे पाप असलंच पाहिजे, हे अगदी दुसरं. शिष्यांनी दुसरं गृहीत धरलं होतं आणि येशूने तेच मोडलं.

ते त्याने एकदाच मोडलेलं नाही. लूकच्या 13 व्या अध्यायात शिलोहातल्याच एका दुर्घटनेची गोष्ट निघते. तिथला बुरूज कोसळून 18 माणसं मेली होती. ते लोक यरुशलेमेतल्या बाकी सगळ्यांपेक्षा जास्त अपराधी होते असं तुम्हाला वाटतं का, असं विचारून येशू स्वतःच ‘नाही’ म्हणतो. आणि लगेच ऐकणाऱ्यांकडे वळतो: तुम्ही पश्चात्ताप करा. मेलेल्यांची चौकशी थांबवून त्याने जिवंत माणसांना स्वतःकडे पाहायला लावलं.

बेथेसदाच्या माणसाशी येशू काय बोलला तेही आठवा. तो इशारा त्याने त्या माणसालाच दिला, समोरासमोर, आणि तोही बरं केल्यानंतर. रुग्णाबद्दल तिसऱ्याशी चर्चा करणं ही निराळी गोष्ट आहे आणि योहान 9 मधले शिष्य नेमकं तेच करत होते. तो माणूस समोर बसलेला होता. त्याला दिसत नव्हतं, ऐकू येत होतं.

देवाने आपली कामं दाखवण्यासाठी त्याला आंधळं केलं?

या अध्यायातली सर्वांत अवघड जागा हीच आहे. ‘देवाची कामं दिसावीत म्हणून’ हे वाक्य वाचून कोणाच्याही मनात येतं की मग एका माणसाला एवढी वर्षं अंधारात ठेवून देवाने एका दिवसाचा चमत्कार उभा केला का? तसं असेल तर तो देव प्रेमळ कसा?

मला हे वाक्य असं समजतं. शिष्य मागे पाहून विचारत होते, हे झालं कशामुळे? येशू त्या प्रश्नाला कारण पुरवत नाही. तो पुढे पाहतो आणि या माणसाच्या आयुष्यात आता काय होणार आहे ते सांगतो. पुढच्याच वचनात तो म्हणतो, दिवस आहे तोवर ज्याने मला पाठवलं त्याची कामं केली पाहिजेत, रात्र येत आहे. आणि लगेच खाली वाकून चिखल कालवतो. त्याच्या उत्तराचा अर्धा भाग शब्दांत आहे आणि अर्धा हातांत.

आजार देवाने गौरवासाठी दिला, असा सर्वसाधारण सिद्धांत यातून काढणं मला मान्य नाही. चारही शुभवर्तमानांत येशूपुढे आजारी माणूस आला की तो त्या आजाराला हटवतो. बरं होण्यासाठी आलेल्या कोणालाही ‘हे दुखणं तुझ्या भल्याचं आहे, तसंच राहू दे’ असं सांगून त्याने परत पाठवल्याची एकही नोंद नाही. म्हणून मूल गमावलेल्या आईला किंवा अपघातात पाय गेलेल्या तरुणाला ‘यात देवाचा गौरव होईल’ असं ऐकवण्यासाठी हे वचन वापरू नये. येशू ते बोलला तेव्हा तो पुढच्या क्षणी त्या माणसाचे डोळे उघडणार होता. आपल्या हातात तेवढं सामर्थ्य नसताना नुसतं वाक्य उसनं घेणं फार क्रूर होऊ शकतं.

चिखल कशाला लावला?

येशू नुसत्या शब्दाने बरं करू शकत होता. यरीहोच्या बार्तीमयाला त्याने तसंच बरं केलं. बेथसैदाच्या आंधळ्यावर त्याने दोनदा हात ठेवले. इथे चिखल आहे. प्राचीन काळी थुंकी औषधी मानली जाई. रोमी सम्राट वेस्पासियनाने आलेक्सांद्रियात एका आंधळ्याच्या डोळ्यांना थुंकी लावल्याची कथा त्या काळच्या इतिहासकारांनी नोंदवली आहे. दुसऱ्या शतकातले मंडळीचे शिक्षक इरेनियस यांना मात्र या चिखलात उत्पत्तीची आठवण झाली. देवाने मातीतून माणूस घडवला, आणि या माणसात जे घडायचं राहिलं होतं ते आता त्याच हातांनी मातीनेच पुरं केलं.

इरेनियसांचा अर्थ मला भावतो. पण व्यवहारात उपयोगी पडणारी गोष्ट साधी आहे. तीन आंधळे तीन रीतींनी बरे झाले, म्हणजे रीतीत काही नव्हतं. अमुक तेल, अमुक पाणी, अमुक शब्द इतक्या वेळा उच्चारले की आरोग्य मिळतं, असं कोणी शिकवत असेल, त्यातही त्यासाठी पैसे मागत असेल, तर त्याला शुभवर्तमानांत आधार नाही.

त्याचा विश्वास किती होता?

आजाऱ्यावर येणारा दुसरा आरोप म्हणजे विश्वास कमी असल्याचा. त्याबद्दल हा अध्याय काय सांगतो?

या माणसाने येशूकडे काही मागितलंच नव्हतं. बार्तीमयासारखी हाक मारली नव्हती, कोणाकरवी निरोप धाडला नव्हता. चिखल लावणारा कोण, याबद्दल त्याला नावापलीकडे काही ठाऊक नव्हतं. बरं झाल्यावर शेजारी विचारतात, तो कुठे आहे? हा म्हणतो, मला माहीत नाही. अध्यायाच्या शेवटाकडे येशू त्याला विचारतो, मनुष्याच्या पुत्रावर तुझा विश्वास आहे का? तेव्हाही तो विचारतो, महाराज, तो कोण आहे? त्याने सांगितलं तसं केलं, तळ्यावर जाऊन डोळे धुतले, हे खरं. पण पूर्ण वाढलेला विश्वास आधी आणि आरोग्य नंतर, असा क्रम इथे नाही.

“मग ‘तुझ्या विश्वासाने तुला बरं केलं’ हे येशूचंच वाक्य ना?” हो. रक्तस्रावाने 12 वर्षं पिडलेल्या बाईला तो हे म्हणाला आणि बार्तीमयालाही. नासरेथात लोकांच्या अविश्वासाचं त्याला आश्चर्य वाटलं, हेही मार्क लिहितो. विश्वासाचं मोल कमी नाहीच. पण ते वाक्य येशूने बऱ्या झालेल्यांना शाबासकी म्हणून दिलं आहे. आजारी राहिलेल्या एखाद्याला ‘तुझ्या अविश्वासाने तू आजारी राहिलास’ असं तो कुठेही म्हणालेला नाही. शाबासकीचं वाक्य उलटं करून आरोपपत्र बनवण्याचं काम आपण केलं आहे.

बरं झाल्यावरही त्रास का?

आता ती उरलेली 34 वचनं. माझ्या मते अध्यायाचा गाभा इथे आहे.

तो दिवस शब्बाथ होता, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंतचा यहुदी विसाव्याचा दिवस. या दिवशी वर्ज्य असलेल्या कामांचे 39 प्रकार पुढे मिश्ना या नियमसंग्रहात नोंदवले गेले आणि त्यात मळणंही आहे. माती कालवणं त्यात येतं, असा आक्षेप घेता येत होता. जीव वाचवण्यासाठी शब्बाथ मोडायला यहुदी परंपरेत मुभा होती. पण जन्मापासूनच्या आंधळ्याला आणखी एक दिवस थांबायला काय हरकत होती? परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणारा गट, असा विचार करत होते. तो वेडगळ नव्हता. त्यांच्यातही फूट पडली, काही जण म्हणाले की पापी माणूस अशी चिन्हं कशी करील? योहान हे मोकळेपणाने लिहितो.

मग आईबापांना बोलावलं जातं. हा तुमचाच मुलगा का, जन्मांध होता का, आता कसा पाहतो? पहिल्या दोन प्रश्नांना ते उत्तर देतात आणि तिसरा टाळतात: तो वयात आलेला आहे, त्यालाच विचारा. येशूला ख्रिस्त म्हणेल त्याला सभास्थानातून बहिष्कृत करायचं ठरलं होतं, म्हणून ते घाबरले, असं योहान सांगतो. बहिष्कार म्हणजे उपासनेबरोबर शेजार आणि आधारही जाणं. या आईबापांना भेकड म्हणण्याआधी जरा थांबावं. ‘पाप कोणाचं, याचं की आईबापांचं?’ हा प्रश्न त्यांच्याभोवतीही मुलाच्या जन्मापासून फिरत असणार. ज्यांच्याकडे इतकी वर्षं संशयाने पाहिलं गेलं, त्यांच्यात चौकशीपुढे ताठ उभं राहण्याचं बळ कुठून यावं? मंडळीने ज्यांना सतत आरोपीच्या जागी बसवलं आहे, त्यांच्याकडून धाडसाची अपेक्षा ठेवताना हे विसरू नये.

मुलगा मात्र प्रत्येक प्रश्नासरशी ठाम होत जातो. आधी तो म्हणतो, येशू नावाच्या माणसाने केलं. मग, तो संदेष्टा आहे. मग, तो देवापासून नसता तर त्याला काही करता आलं नसतं. ज्या गोष्टी त्याला कळत नाहीत त्याबद्दल तो बढाई मारत नाही. येशू पापी आहे की नाही मला ठाऊक नाही, मी आंधळा होतो आणि आता पाहतो एवढं एक ठाऊक आहे, हे त्याचं बोलणं साक्ष कशी द्यावी याचा नमुना आहे. सभेत साक्ष देताना आजार फुगवून सांगण्याचा आणि डॉक्टरांचा भाग गाळण्याचा मोह ज्यांना होतो, त्यांनी त्याचा संयम पाहावा.

शेवटी चौकशी करणाऱ्यांकडे युक्तिवाद उरत नाही. तेव्हा ते काय म्हणतात? “तू तर सगळा पापातच जन्मलास, आणि तू आम्हाला शिकवतोस?” आणि ते त्याला बाहेर घालवतात. सुरुवातीला शिष्यांनी विचारलेली शंका इथे शिवी होऊन आली आहे. डोळे बरे झाले, तरी लोकांनी मारलेला शिक्का गेला नाही. एखाद्याचं आजारपण किंवा व्यंग हे त्याच्या पापाचं प्रमाण मानलं की ते कधीही, कोणत्याही वादात त्याच्याविरुद्ध वापरता येतं. म्हणूनच येशूने सुरुवातीला दिलेला ‘नाही’ इतका महत्त्वाचा आहे.

त्याला बाहेर घालवल्याचं येशूच्या कानावर येतं आणि तो त्याला शोधून काढतो. आठव्या वचनापासून इथवर येशू प्रसंगात कुठेच नव्हता. तळ्याकडे गेला तेव्हा हा माणूस आंधळाच होता, त्यामुळे येशूचा चेहरा तो पहिल्यांदा आत्ता पाहतो.

(एक खुलासा गरजेचा आहे. या अध्यायाचा आधार घेऊन ख्रिस्ती लोकांनी यहुद्यांचा द्वेष केल्याचा इतिहास आहे, आणि तो लाजिरवाणा आहे. बरा झालेला माणूस यहुदी होता, आईबाप यहुदी होते, शिष्य आणि येशू स्वतःही यहुदी होते. वाद घरातलाच होता.)

‘आंधळे’ म्हणजे कोण?

अखेरच्या वचनांत येशू परूश्यांना म्हणतो, तुम्ही आंधळे असता तर तुमच्याकडे पाप नसतं. पण आम्हाला दिसतं असं तुम्ही म्हणता, म्हणून तुमचं पाप तसंच राहतं. आंधळेपण हा अज्ञानाचा अलंकार म्हणून वापरला की दृष्टिहीन ख्रिस्ती बांधवांना ते बोचतं, आणि उपदेशकांनी ती बोच ध्यानात घ्यायला हवी. पण वचन नीट पाहिलं तर येशू इथे उलटंच करतो आहे. न दिसण्याला तो दोष लावत नाही. आपल्याला सगळं दिसतं, दुसऱ्याचं पापसुद्धा दिसतं, या खात्रीला तो दोष लावतो.

जे बरे होत नाहीत त्यांचं काय?

हा आक्षेप सर्वांत प्रामाणिक आहे. गोष्टीतला माणूस बरा झाला. आमच्या घरचा नाही झाला.

नव्या करारातही सगळे बरे झालेले नाहीत. पौलाने आपल्या शरीरातला काटा काढण्यासाठी तीनदा विनवणी केली आणि त्याला ‘माझी कृपा तुला पुरे आहे’ एवढंच उत्तर मिळालं. पौलाचा सहकारी तीमथ्य याच्या पोटाची तक्रार वारंवार होत असे. पौल त्याला थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो, आणि त्यात त्याला विश्वासाची हार वाटत नाही. लूक वैद्य होता आणि पौल त्याला ‘प्रिय वैद्य’ म्हणतो. तेव्हा औषध घेणं म्हणजे देवावर भरवसा नसणं, हा समज सोडून द्यावा. याकोबाचं पत्र आजाऱ्यासाठी प्रार्थना करायला सांगतंच, वडिलांना बोलावून, तेल लावून. त्याच परिच्छेदात पापं कबूल करण्याचीही गोष्ट आहे, पण तिथे ‘एकमेकांजवळ’ असं म्हटलं आहे. म्हणजे भेटायला आलेल्यांनीसुद्धा.

आणि त्रफिम. पौलाचा हा सहकारी आजारी होता म्हणून पौल त्याला मिलेतात ठेवून पुढे गेला. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या शेवटी याचा एका वाक्यात उल्लेख आहे. त्याने काय पाप केलं, त्याचा विश्वास कुठे कमी पडला, यावर पौलाने एक शब्दही लिहिलेला नाही.